एक ते चारच्या बंद दाराआड

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी नेहमीसारखी दादाला घेऊन विश्रांतवाडीतल्या सुनंदाताईंच्या दवाखान्यापाशी पोचले, तर दाराला कुलूप. शेजारचा मेडिकलवाला म्हणाला, "ताई, डॉक्टर रविवारीच गेल्या. झोपेतच." मी पायरीवरच बसले. दादा मात्र दारावरची पाटी वाचत होता... 'दुपारी एक ते चार बंद. बेल वाजवू नये.' मग समाधानानं म्हणाला, "बंद आहे ना? मग उघडतील."

त्याचं चुकत नव्हतं. सुनंदाताई दातांच्या डॉक्टर, आणि ज्यांना इतर दवाखाने गोड बोलून वाटेला लावत, त्या मनोरुग्णांना त्या नेमकं एक ते चारमध्ये बोलवत. बाक रिकामा, बघणारं कुणी नाही. "लोकांना वाटतं मी झोपते. वाटू दे," त्या म्हणत, "पुण्यात दुपारच्या झोपेला कुणी नावं ठेवत नाही."

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मला खराडीच्या कंपनीत नवी नोकरी लागलेली, आणि दादा सांगू लागला की दाढेत कुणीतरी बसून बोलतंय. आवाज ऐकू येणं हे त्याचं जुनंच दुखणं. मी मानसोपचारतज्ज्ञांना सांगून गोळ्या वाढवून घेतल्या. दोन महिने तो एकाच बाजूनं जेवत होता आणि मला ते दिसलं नाही, ही बोच अजून जात नाही. गाल सुजला तेव्हा कुणीतरी सुनंदाताईंचं नाव सुचवलं. त्यांनी मला बाजूला बसवलं आणि त्यालाच विचारलं, "काय बोलतोय तो दाढेतला?" तपासायचा लांब दांड्याचा आरसा त्याच्या हातात दिला. "आधी तुम्ही बघा. मग मी. दुखलं तर हात वर करा, मी थांबेन." त्यानं अकरा वेळा हात वर केला. त्या अकरा वेळा थांबल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, पू झालाय. गोळ्यांनी दाढ बरी झाली असती तर मी खरंच झोपले असते." मला रडू फुटलं. त्यांनी चहा मागवला, विचारलं, "आणि तुमचं काय?" मी म्हटलं, "माझं काही नाही." पुढे दर गुरुवारी तोच प्रश्न, तेच उत्तर... आठवडाभरात मला एवढं विचारणारं तेवढं एकच माणूस होतं, हे आता कळतंय.

तो आरसा त्यांनी दादालाच देऊन टाकला होता. दुसरे डॉक्टर त्याला चालत नाहीत. त्याची उजवीकडची एक दाढ पुन्हा ठणकतेय, आणि तिचं काय करायचं ते मला सुचत नाही. परवाच्या गुरुवारी तो शर्ट इस्त्री करून तयार. ऐकेना, म्हणून गेलो. एक वाजला, दीड वाजला. पाटी तशीच होती. मी पायरीवर बसून राहिलेली पाहून त्यानं खिशातून आरसा काढला, रुमालानं पुसला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"आ कर," तो म्हणाला. "दुखलं तर हात वर कर. मी थांबेन."

त्यानं आरसा अजून लावलाही नव्हता. मी हात वर केला.