संदर्भ यादीतलं दुसरं नाव

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचत आले. पांढरी साडी, उलटे पाय, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, हसायचं आणि कुकर लावायला उठायचं. माझा स्वभावच तसा आहे – जे कागदावर नाही ते नाही. तरीही आज लिहितेय, कारण एका बाईचं नाव कायमचं पुसलं जाता जाता राहिलं, आणि ते कसं राहिलं हे मला खरंच कळलेलं नाही.

आम्ही भोपाळला अरेरा कॉलनीत राहतो. माझं माहेर उज्जैनचं. ह्यांचे वडील सरकारी ऑफिसबरोबर नागपूरहून इकडे आले आणि इथलेच झाले. मी प्राध्यापक मंडळींचे शोधनिबंध जर्नलला जाण्याआधी त्यांच्या संदर्भांच्या याद्या लावून देते. म्हणजे निबंधाच्या शेवटी जी यादी असते ना – कुणाचा लेख, कुठल्या अंकात, कुठलं पान – तिच्यातला प्रत्येक कॉमा, प्रत्येक टिंब त्या जर्नलच्या नियमाप्रमाणे बसवायचं. लोकांना वाटतं, ह्यात काय एवढं? करून बघा म्हणावं! पीएच.डी. झालेली माणसं एकाच लेखाला तीन ठिकाणी तीन वेगळी सालं लावतात आणि वर मलाच म्हणतात, "ताई, ज़रा देख लेना."

माझी एक पद्धत आहे. काम झालं की यादीचा प्रिंट काढायचा. मी स्क्रीनवरून मोठ्यानं वाचायचं आणि ह्यांनी पेन्सिल घेऊन प्रिंटवर टिक करत जायचं. कॉमा, डॉट, सगळं म्हणायचं. रिटायर झाल्यापासून ह्यांना हे काम फार आवडतं. माझी चूक सापडली की स्वारी दिवसभर खूश.

गेल्या थंडीतली गोष्ट. रश्मी म्हणून एक मुलगी आहे, कॉलेजात शिकवते. तिचा मोठ्या तलावाच्या पाण्यावरचा निबंध सोमवारी जर्नलला जायचा होता. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला, डायनिंग टेबलावर, लख्ख उन्हात आम्ही वाचायला बसलो. सतराव्या संदर्भाशी हे थांबले.

"अगं, दामले इथे नाहीयेत."

"कोण दामले?"

"आत्ता तू वाचलंस ना! चतुर्वेदी, कॉमा, आर, डॉट, एन, डॉट, अँड दामले, कॉमा, व्ही, डॉट. इथे नुसते चतुर्वेदी आहेत."

मी स्क्रीन बघितला. तिथेही नुसते चतुर्वेदीच. "अहो, काहीतरीच काय! कान तपासून घ्या एकदा," म्हटलं आणि परत वाचलं. ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "परत म्हणालीस."

आता मात्र माझं डोकं सटकलं. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, स्क्रीनवर एकेका अक्षराखाली बोट ठेवत तिसऱ्यांदा वाचलं, आणि लावून ऐकलं. माझाच आवाज. माझाच तो मास्तरणीचा सूर. "...एन, डॉट, अँड दामले, कॉमा, व्ही, डॉट..." अगदी स्पष्ट.

शपथेवर सांगते, मी ते म्हटलं नव्हतं. निदान म्हटल्याचं मला कळलं नव्हतं. भीती वगैरे नाही वाटली... रागच आला. माझ्या तोंडून, मला न विचारता, हे कोण बोलतंय?

"कुठेतरी वाचलं असशील, डोक्यात राहून गेलं असेल," हे म्हणाले. मलाही तेच पटलं. म्हणून तो पन्नासएक वर्षांपूर्वीचा लेख ज्यांनी ज्यांनी संदर्भ म्हणून दिलाय, ते नेटवर मिळतील तेवढे निबंध उघडून पाहिले. सगळीकडे एकटे चतुर्वेदी. दामल्यांचा कुठे पत्ताच नाही.

रश्मीला फोन केला. ती वैतागलीच. "ताई, सगळे एकच नाव देतात. मी दोन दिली तर रिव्ह्यूअर म्हणेल हिनेच गडबड केली. आणि आत अकरा ठिकाणी बदलावं लागेल. रहने दो ना, प्लीज."

"मूळ लेख पाहिलायस तू?"

"मूळ नाही ताई. त्यातला आकड्यांचा तक्ता नंतरच्या एका पेपरमध्ये पूर्ण छापलाय, तिथूनच घेतला," ती म्हणाली. घ्या! ह्या लोकांची ही जुनी खोड आहे. मूळ लेख शोधायचा कंटाळा, मग दुसऱ्याच्या यादीतून नोंद उचलायची आणि आपल्या यादीत चिकटवायची. पहिल्याची चूक शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी चालत येते. सोडून दिलं असतं तर मीही त्याच रांगेत उभी राहिले असते, आणि एका माणसाची मेहनत आणखी एकदा गायब झाली असती. माझ्याच्यानं काही सोडवेना.

शनिवारी टी. टी. नगरच्या बाजूला एका जुन्या ग्रंथालयात गेले. तो लेख ज्या बुलेटिनमध्ये छापला होता, त्याचा अंक तिथल्या मॅडमनी तासभर शोधून आणून दिला. त्याची पानं कडेला कापलेलीच नव्हती. जुन्या छपाईत पानं अशी जोडलेली राहायची, वाचणाऱ्यानं आपली आपण कापून घ्यायची. म्हणजे तो अंक ग्रंथालयात आल्यापासून कुणी वाचलाच नव्हता! मॅडमनी माझ्यासमोर स्टीलच्या पट्टीनं पानं सोडवली. लेखाच्या मथळ्याखाली दोन नावं होती. आर. एन. चतुर्वेदी आणि कु. वसुधा दामले.

काटा आला अंगावर, तो तेव्हा.

आमच्या भगिनी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. तासाभरात उत्तर आलं – बरखेड्यातल्या पेंढारकर काकू माहेरच्या दामले, मुलाकडे असतात, एम.एस्सी. झालेल्या आहेत. रविवारी सकाळी झेरॉक्स घेऊन आम्ही दोघं तिकडे गेलो. सुनेनं दार उघडलं. काय काम ते ऐकून हसली. "आई सांगत असतात हो, नावेतून तलावात जायचे, शोध लावायचे... आम्ही आपलं हो हो करतो."

काकू अंगणात उन्हात बसून मटार सोलत होत्या. ऐंशीच्या आसपासचं वय, हात मात्र चटचट चाललेले. पदराला हात पुसून त्यांनी झेरॉक्स हातात घेतली.

"छापला होता?" त्या म्हणाल्या. "लग्न होऊन मी झाशीला गेले. चतुर्वेदी सरांना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही आलं. म्हटलं, राहिला असेल."

मी भीत भीत विचारलं, "काकू, परवा शुक्रवारी अकराच्या सुमाराला काय करत होतात तुम्ही?"

"शुक्रवारी? मटार. रोजच मटार. ही फ्रीजर भरते ना!"

म्हणजे तिकडूनही काही धागा नाही. मला वाटलं, आता आपलं नाव बघून त्या रडतील. पण त्यांनी नावाखालून एकदाच बोट फिरवलं आणि पान उलटून आकड्यांचा तक्ता काढला.

"नावाचं असू दे गं. दर गुरुवारी जायचे मी. पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण लिहून घ्यायची. म्हणजे पाणी किती स्वच्छ ते कळतं. पावसात, थंडीत, तापात सुद्धा... त्या मोजण्या बरोबर होत्या का? तेवढं सांग मला."

मला काय कपाळ कळतंय त्यातलं! मला कॉमे कळतात. मी तिथूनच रश्मीला फोन लावला, स्पीकरवर टाकला, समोर कोण आहे ते सांगितलं.

"आजी," रश्मी म्हणाली, "तेव्हा तलावाचं पाणी कसं होतं हे सांगणारं आमच्याकडे दुसरं काहीच नाही. तुमच्या मोजण्या मी सगळ्या तेव्हाच्या पावसाच्या नोंदींशी पडताळल्या. एकही गडबड नाही. माझा पूर्ण पेपर त्यांच्यावरच उभा आहे."

काकूंनी सुनेकडे पाहिलं. "ऐकलंस?" एवढंच म्हणाल्या. सून ओढणीनं डोळे पुसायला लागली, आणि मी तर सरळ रडलेच. हे उगाच अंगणातली झाडं बघत उभे राहिले.

त्या संध्याकाळी रश्मीनं स्वतः अकराही ठिकाणी दुसरं नाव घातलं. सोमवारी निबंध गेला.

रविवारी त्यांच्याकडून निघताना काकूंनी मला थांबवलं होतं. "पण तुला कळलं कसं गं, दुसरं नाव आहे म्हणून?"

मी तोंड उघडलं... आणि काय सांगणार होते? "लेख वाचला काकू, दुसरं काय," म्हटलं.

त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "अगंबाई! म्हणजे वाचतात लोक!"

त्यांना मी खोटं सांगितलं, तुम्हाला खरं सांगितलंय. ते नाव माझ्या तोंडी कुठून आलं, हे मला अजूनही माहीत नाही.