शेंदूर लावू नये

माझी सवत दगडाची होती.

आमचे मास्तर जाऊन आज वर्ष झालं. आता लिहायला हरकत नाही.

त्र्याहत्तर साली त्यांची खुटबावच्या शाळेत बदली झाली. माझं नवीन लग्न, गावात ओळखीचं कुणी नाही. आठवडाभर मी रविवारची वाट बघायची.

आणि रविवारी हे सायकल काढून थेट राहूला!

तिथं ओढ्याकाठी एक जुना वीरगळ होता. दगडात कोरलेला ढाल-तलवारीचा माणूस, पायाशी गाई. लोकांनी शेंदूर फासून त्याचा देव केलेला.

हे लाकडाच्या चिपेनं तो शेंदूर खरवडत बसायचे. मग पत्र्याचा बोर्ड स्वतः रंगवून शेजारी रोवला.

"हा देव नाही. गावाच्या गाई सोडवताना मेलेला माणूस आहे. शेंदूर लावू नये."

पोळ्याला लोकांनी दगडाला शेंदूर लावला.

बोर्डालाही लावला.

मी पोट धरून हसले. हे दोन दिवस धड जेवले नाहीत. पुढच्या संडेला पुन्हा चीप, पुन्हा ऑइल पेंट. असं वर्षानुवर्षं.

एकदा चिडून विचारलं, "माझ्यापेक्षा तो दगड बरा वाटतो का तुम्हाला?"

म्हणाले, "लोकांसाठी मेला गं तो. देव केला आन् माणूस इसरले. त्याला कुणी न्हाई."

मला तरी कोण होतं? मूलबाळ नाही, माहेर लांब. पण तसं मी बोलले नाही, भाकरी थापत राहिले. बोलायला हवं होतं.

आज रिक्षा करून एकटीच राहूला गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

बोर्ड गंजून गेलाय, एक अक्षर लागत नाही. दगडावर बोटभर शेंदूर. एक बाई नारळ फोडत होती. तिला विचारलं, हा कुठला देव?

"मास्तरचा देव हाय, आजी. कुणी मास्तर हुते म्हणं. गावाच्या गाई सोडवताना मेले."

पिशवीत यांची ती चीप होती. तिला सगळं खरं सांगणार होते. पण पिशवीची गाठ बांधून टाकली.

ती गेली, मी बसून राहिले. ऊन उतरेपर्यंत.

अहो, आज रविवार होता. अख्खा रविवार तुमच्यापाशी काढला.

निघताना हात जोडले.

शेंदूर लावला नाही.