समुद्रात टायर धरला तेव्हा

मला पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या राजुरीत विहीर नाही असा शेतकरी सापडायचा नाही, आणि पोहता येत नाही असा पोरगाही नाही. मी एकटाच तसा निघालो. लहानपणी चुलत्यानं मागून ढकलून दिलं, नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हापासून मी विहिरीकडे पाठ करूनच उभा राहायचो. शाळा चौथीपर्यंत झाली, पोहणं पहिलीपर्यंतही नाही.

आणि माझं लग्नच पोहण्यावर जमलं. मंडळीचं माहेर महाळुंगे पडवळ. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा विहिरीत पाय घसरून बुडाला होता. तेव्हापासून माझ्या सासऱ्यानं धरून ठेवलं होतं की दुसरी पोरगी द्यायची ती पोहणाऱ्यालाच. आम्ही बघायला गेलो तर जमीन किती, गुरं किती, काही विचारलं नाही. पोह्याची बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "पावणं, पव्हता येतं का?"

माझ्या तोंडात घास. शेजारी माझा मामा बसलेला. तो म्हणाला, "मासा हाये मासा. पाण्यातनं बाहेर काढताना आमचं हात दुखत्यात."

मी मान हलवली. तोंडात घास होता म्हणून मी खोटं बोललो नाही, अशी मी चाळीस वर्षं मनाची समजूत घातली.

ती स्वतः मात्र पाण्यातलीच होती. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात वस्तीवरच्या बायकांबरोबर विहिरीवर गेली आणि नऊवारीचा काष्टा आवळून वरनं असा मुटका मारला की काठावर वाळत घातलेली धुणी पुन्हा भिजली. बाहेर येऊन मला म्हणाली, "या की तुमी बी." मी म्हटलं आत्ताच जेवलोय. दुसऱ्या दिवशी कान फुटला. तिसऱ्या दिवशी तालुक्याला काम निघालं. पुढं पुढं तिनं विचारायचं सोडून दिलं. मी म्हटलं सुटलो.

तिच्या दोन सवयी सांगायच्या राहिल्या. मोटारीच्या फूटवॉलात, म्हणजे पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या तोंडाला, कचरा अडकला की मला पायऱ्यांनी विहिरीत खाली उतरावं लागे. तेव्हा ती हातातलं काम टाकून काठावर येऊन बसायची. मी म्हणायचो, "घरी कामं न्हाईत का तुला?" तर म्हणायची, "हितं सावली चांगली हाये." सावली कसली, एक वाळकी बाभळ होती. आणि दुसरी सवय म्हणजे दरवर्षी वेलावरचा एक मोठा भोपळा ती राखायची, वाळवायची आणि मोटारीच्या खोलीत दोरीला बांधून खुंटीला टांगायची. मी कधी विचारलंच तर म्हणायची, "बियाला ठेवलाय." बी कधी पेरलेलं मला आठवत नाही.

मंडळी या भाद्रपदात गेली. तीन दिवस ताप आला आणि गेली. पुण्याला असलेली आमची पोरगी म्हणाली, आबा, गप्प बसू नका, आठवेल ते वहीत लिहा. मी म्हटलं, रडायचं लिहिणार नाही. अंदमानचं लिहितो. त्यात हसायला लई आहे.

तर अंदमानला गेलो त्या उन्हाळ्यात कांदा बराकीत भरून झाला होता. पोरगी मोबाईल घेऊन आईशेजारी बसली. म्हणाली, दोन सहली आहेत. एक ज्येष्ठांची आहे, बसमधून सोळा देवळं आणि रोज दुपारी विश्रांती. दुसरी अंदमानची, समुद्र आणि जंगल, पण ती धाडसी जोडप्यांची आहे, त्यात पाण्यात उतरावं लागतं.

मंडळी म्हणाली, "देवळं हितं काय कमी हाईत? ते माशाचं चित्र हाये ना, ते घे."

मी म्हटलं, "अगं, आपलं वय काय?"

"धाडसाला वय कुठं लिवलंय त्याच्यात? आन् तुमाला काय, तुमी तर मासा."

चाळीस वर्षांनी मामाचा मासा परत आला. मामा कधीच वर गेला होता, नाहीतर मी त्याला धरून हाणला असता.

विमानात तिनं खिडकी धरली ती सोडलीच नाही. ढगावर आल्यावर म्हणाली, "कापूस पिंजून टाकलाय जणू. ह्याच्यावर कुणी पाय देत न्हाई ना?" हवाई पोरगी चहा विचारायला आली तर हिनं पिशवीतली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून तिलाच दिली. त्या पोरीनं उभ्या उभ्या खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तिखटानं. मग आमच्याकडे तीन वेळा पाणी घेऊन आली.

हॉटेलातल्या पलंगावर टॉवेलांची दोन बदकं करून ठेवली होती, चोचीला चोच लावून, भोवती फुलं. मी एक टॉवेल तोंड पुसायला ओढला तर हिनं हात धरला. "मोडू नका. कुणाची तरी मेहनत हाये." चार दिवस ती बदकं खुर्चीवर बसून राहिली आणि आम्ही माझ्या एका पंच्याला तोंड पुसलं. रोज सकाळी खोली झाडायला बाई यायची, बदकांकडे बघायची, आमच्याकडे बघायची आणि जायची.

आमच्या टोळीत सगळी नुकती लग्नं झालेली पोरं-पोरी. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला चुकून आलेले समजलं. दुसऱ्या दिवशी जंगलात नेलं. तिथली झाडं सांगू काय, मान मोडेस्तोवर वर बघितलं तरी शेंडा दिसत नाही. मुळं भिंतीसारखी उभी, एकेका मुळाच्या आडोशाला शेळ्यांचं अख्खं खांड बसेल. वरनं ऊन खाली येत नाही, सगळीकडे ओल, आणि पानं अशी की एका पानावर दोन माणसं जेवतील. मंडळी प्रत्येक झाडाला हात लावत चाललेली.

आता आमची एक खोड. आमच्याकडे उसात बिबटे. त्यामुळे रानात जाताना गप्प चालायचंच नाही. खाकरायचं, काठी आपटायची, मोबाईलवर गाणं मोठ्यानं लावायचं. इथंही झाडी दाट झाली तसा माझा हात आपोआप खिशात गेला आणि मी हलगीचं गाणं लावलं. हिनं काठी आपटायला सुरुवात केली. मध्येच मोठ्यानं बोलायची, "काय मग, कांद्याचं काय म्हणताय," असं, कारण नसताना. सगळी टोळी मागं वळून बघायला लागली.

वाटाड्या पोरगा आला. "अंकल, ये क्या कर रहे हो? पक्षी उड़ जाएंगे."

हिनं टीव्हीवरच्या हिंदीत सांगितलं, "बेटा, तेंदुआ आएगा तो पहले वो उड़ेगा, फिर हम उड़ेंगे."

"आंटी, यहाँ तेंदुआ है ही नहीं. पूरे द्वीप पर नहीं."

आम्ही दोघं जागेवर थांबलो. एवढं जंगल आणि बिबट्या नाही. हिनं मला विचारलं, "मंग हितं माणसं घाबरत्यात कशाला?" पोरगा म्हणाला, खाडीत मगर आहे. ही म्हणाली, "हितं पाण्यात मगर, तिकडं उसात बिबट्या. देवानं वाटण्या बरोबर केल्यात." पण गाणं बंद केल्यावर तिला चालायची भीती वाटेना, उलट हलकं वाटायला लागलं. चाळीस वर्षांत आम्ही दोघं झाडीतून गप्प कधी चाललोच नव्हतो. तिनं माझा हात धरला. मागच्या जोडप्यानं शिट्टी मारली. मी सोडवून घ्यायला गेलो तर तिनं आणखी घट्ट धरला. म्हणाली, "मारू द्या. आपून धाडसी हावोत."

मी हसलो खरा, पण उद्या समुद्र होता.

समुद्राच्या दिवशी सकाळी मी सगळे उपाय केले. म्हटलं पोट बिघडलंय. तिनं ओवा दिला. म्हटलं कान दुखतोय. तिनं कानात बोळा घातला. नावेत बसलो. पाणी असं निळं की रंगपंचमीला कुणी पुडी सोडलीय वाटावं, आणि तळ दिसतोय. मंडळीनं ओंजळ भरून चाखलं आणि थुंकली. "एवढं पाणी आन् एका वाफ्याला उपेगाचं न्हाई," म्हणाली.

नाव थांबली. तिथल्या पोरानं सगळ्यांना फुगीर जाकिटं घातली, तोंडाला काच आणि नळी लावली. हिला म्हणाला, साडी बदलून पोहण्याचे कपडे घाला. ही म्हणाली, "बेटा, ये साडी नहीं, ये तैरने का ही है," आणि काष्टा आवळला. मग तो ओळीनं विचारायला लागला. ज्याला पोहता येत नाही त्यानं टायर धरायचा, तो दोरीनं ओढत नेणार. येतं त्यानं मोकळं सुटायचं.

"अंकल, स्विमिंग आता है?"

अख्खी नाव माझ्याकडे बघतेय. ही बघतेय. मला माझ्या सासऱ्याची ओसरी दिसली, पोह्याची बशी दिसली. या वेळी तोंडात घासही नव्हता.

"आता है," मी म्हटलं.

"बढ़िया. फिर आंटी को आप संभालो."

मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं आणि मी शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली. ही माझ्या आधीच पाण्यात होती, पाठीवर पडून, लुगडं फुगून कमळासारखं झालेलं. ती हात मारत शिडीपाशी आली. तोंडातली नळी काढली आणि हळूच म्हणाली, "आवो, टायर धरा."

"कशाला? मला पव्हता येतं."

"येतं. मला ठाव हाये. तरी धरा."

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, लांब कुठं तरी बघत होती, माझी लाज राखायला. मी टायर धरला. तिनं त्याची दोरी त्या पोराच्या हातातून घेतली आणि म्हणाली, "हमारा मैं खींचती." आणि कासऱ्याला धरलेल्या बैलासारखं मला समुद्रात घेऊन गेली.

पाण्यात तोंड घाला म्हणाली. मी घातलं. पुढचं मला सांगता येत नाही. पिवळे मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, एक तर असा निळा की आमच्या लग्नातल्या शालूचा काठ. खाली झाडासारखे दगड. मी नळीतून ओरडलो तर नुसता भोंगा वाजला, आणि ती हसता हसता खारं पाणी प्याली. आम्ही दोघं म्हातारे तिथं पोरांसारखे भोंगे वाजवत होतो. नव्या नवरा-नवरींनीही भोंगे वाजवायला सुरुवात केली.

परत येऊन वाळूवर बसलो तेव्हा मी विचारलं, "तुला कवापासून ठावं?"

"पयल्या उन्हाळ्यापासनं. बादली पडली विहिरीत, तुमी गड्याला हाक मारली. आन् अंगावर तांब्या घेताना बी डोळं गच्च मिटता. मासा म्हणं."

"मंग बापाला का न्हाई सांगितलंस?"

ती पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होती. "सांगितलं असतं तर घेऊन गेला असता मला."

मग मला बाभळीची सावली आठवली. म्हटलं, "आन् तू काठावर येऊन बसायचीस ते?"

"मंग? तुमी पडला असता तर कोण होतं काढायला? भोपळा काय बियाला टांगला व्हता?"

मी त्या वाळूवर एवढा हसलो की पोटात दुखायला लागलं. तीही. चाळीस वर्षं मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती माझ्यापासून लपवत होती की तिला माहीत आहे. टोळीतल्या पोरांना वाटलं म्हाताऱ्यांना ऊन लागलं.

मग ती हसायची थांबली आणि म्हणाली, "मी काय जल्मभर काठावर बसायची न्हाई. आता शिका."

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं खुंटीवरचा भोपळा उतरवला, तरंगायला दोरीनं माझ्या पाठीवर बांधला आणि गाठ मारली. ती म्हणाली, दोरीचा फेर मोठा ठेवलाय, डोक्यावरनं काढता-घालता येईल, गाठ दर वेळी सोडू नका, तुमाला नीट बांधता येत न्हाई. वस्तीवरची माणसं बघायला जमली. शेजारचा म्हणाला, "भाऊ, आता काय समुद्र पार करायचा राहिलाय का?" ही पाण्यातूनच म्हणाली, "ते समुद्रातनं येऊन विहिरीला शिकायला आल्यात, तुमी काठावरनं काय बोलता." दोन उन्हाळे ती माझ्यापुढं पोहत राहिली, उलटी, माझ्याकडे तोंड करून, आणि मी तिच्याकडे हात मारत राहिलो. विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. शेवटी शेवटी ती म्हणायची, "भोपळा सोडा आता." मी म्हणायचो उद्या.

आता ती नाही. मी रोज सकाळी विहिरीवर जातो. चार फेऱ्या मारतो. परवा भोपळ्याला बारीक चीर गेली, पाणी आत शिरतं, त्याचा आता तरंगायला उपयोग नाही, उलट ओझं होतं. मी तरी तो डोक्यावरनं घालतो आणि पाण्यात उतरतो. बाहेर आलो की पाणी ओतून टाकतो, पुन्हा खुंटीला लावतो. गाठ तिची आहे. ती काही मला सोडायची नाही.