टिकलीचं बटन

माझ्या आईला दुसऱ्याला वेळ विचारायचा भारी राग. काचबिंदूनं तिची नजर इतकी खाल्लीय की भिंतीवरचं घड्याळ तिला नुसतं पांढरं गोल दिसतं. डोळ्यांत थेंब मात्र ठरल्या वेळी घालावेच लागतात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी सांभाळा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाबा घरात असले की वेळ सांगत. ते एसटीतले निवृत्त कंडक्टर, त्यामुळे सांगण्याची तऱ्हा अशी, की बस सुटतेय आणि आई खालीच राहिलीय. दुपारी मात्र ते चौकात गप्पा ठोकायला जात आणि नेमके तीनचे थेंब चुकत.

"मी का लोकाइच्या घड्याळावर जगू?" आई फोनवर म्हणायची. ते ऐकून मला पुण्यात बसल्या जागी रडू यायचं.

म्हणून एकदा चिखलीला आईकडे जाताना मी बोलणारा स्पीकर घेऊन गेले. त्याला मराठी येत नव्हती, हिंदी येत होती. आईचं काही अडलं नाही. आमच्या बाजारात अर्धं बोलणं हिंदीतच चालतं. अडलं ते त्यातल्या बाईला नावानं हाक मारण्यापाशी.

"बाईमाणसाले असं नुसतं नावानं बोलवू? बरं दिसते का?" असं म्हणून तिनं नावापुढे 'बाई' जोडलं. यंत्राची काही हरकत दिसली नाही. मग तासभर तिनं वेळच विचारली. उत्तर आलं की माझ्याकडे वळून, "पाह्य, सांगते!" घड्याळाचा शोध जणू तिनंच लावला होता.

मी आंघोळीला गेले तेवढ्यात बाबांनी स्पीकर उचलून शोकेसमध्ये ठेवला आणि काच सरकवली. महागाची वस्तू आमच्या घरी बाहेर राहतच नाही. मी येऊन पाहते तर आई काचेला हाका मारतेय. मी कपाळाला हात लावला आणि स्पीकर बाहेर काढून बैठकीतल्या टेबलावर ठेवला, आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाईल असा. आवाज वाढवायचं बटन बोटाला कळावं म्हणून आईनं कपाळावरची टिकली काढून त्यावर चिकटवली. ही युक्ती तिचीच. मला सुचली असती तर मी चार जणांना सांगत फिरले असते.

रोज तीन वाजता थेंबांची आठवण लावून मी पुण्याला परतले. दोन-तीन दिवसांतच फोन आला.

"बाई दुपारची मुकी होते व. सकाळी बोलते, संध्याकाळी बोलते. तीन वाजताच काऊन रुसते?"

थेंब पुन्हा चुकू लागले होते. मी घाबरले, आणि घाबरले की मी ओरडते. बाबांना वायफाय बंद-चालू करायला लावलं, वर विचारलं, "तुम्ही कशाला हात लावला?"

"मी त्या डब्याले शिवलोबी नाई!" बाबा म्हणाले. ते खरंच होतं.

शेवटी शनिवारी मी स्वतः येऊन बैठकीत ठाण मांडून बसले. जेवण झालं. आई आत भांडी लावत होती. बाबांनी चपला घातल्या, मागे वळून खोलीभर नजर फिरवली आणि भिंतीवरच्या बोर्डाची बटनं एकेक करून टकटक बंद केली. पंखा, दिवा, टीव्ही आणि स्पीकर. शेवटच्या थांब्यावर रिकामी गाडी तपासावी तसं. परत आले की तेच सगळी चालू करत. स्पीकरचा बारीक दिवा विझलेला आईला दिसणार कसा?

"बाबा!" मी किंचाळले.

"काऊन? घराबाहेर पडताना बटनं बंद नाई करत का?" ते म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मटकन खुर्चीत बसले. "म्हंजे थेंब माह्यापायी चुकले?"

त्यांचा चेहरा पाहून माझा राग गेला. आई पदराला हात पुसत बाहेर आली. बोर्ड चाचपत तिनं स्पीकरचं बटन कोणतं ते विचारलं, कपाळावरची टिकली काढली आणि त्यावर दाबून बसवली.

"याले हात लागला का थांबा," ती बाबांना म्हणाली. "बाकीचे खुशाल बंद करा."

दुसऱ्या दिवशी जेवून मी निघाले. बाबा स्कूटर काढायला खाली गेले होते. आई आत होती. खांद्याला पिशवी अडकवली आणि बोर्डाजवळून जाताना माझा हात आपसूक वर गेला. टक, पंखा. टक, दिवा. टक, टीव्ही. मग बोटाला टिकली लागली.

शेवटी मुलगी कंडक्टरची.

आतून आईचा आवाज आला, "ते राहू दे व. तीन वाजता मले काम हाये."