सुईची रोटी

सबोहत तंदूर पेटवायची तेव्हा इस्फरा गावातल्या अख्ख्या गल्लीला वासावरून कळायचं. तिला तंदुराचा भरवसा होता, नवऱ्याचा नव्हता. हिकमत जर्दाळूचा ट्रक घेऊन खुजंद शहराला जायचा आणि आला की ही आधी त्याचा सदरा हुंगायची. बाई मुळातच जळकुकडी. लग्नात त्याने स्वतःच्या आत्याला मिठी मारली, तेव्हाही हिच्या पोटात दुखलं होतं.

जर्दाळू पिकायला लागले आणि उकाड्याचं निमित्त करून हिकमतने अंगणातल्या बाजेवर एकट्याची पथारी टाकली. महिना झाला तरी ती उचलली नाही. अशातच एका सकाळी सगळ्यांत खरपूस रोटी काखेत मारून तो गल्लीतल्याच ओयदिनआपाच्या दारात शिरताना सबोहतला दिसला. ओयदिन विधवा, वर गोरीपान. पूर्वी ती दवाखान्यात नर्स होती. गल्लीतले लोक तिच्याकडून सुई टोचून घ्यायचे आणि पैशांऐवजी रोटी द्यायचे. पण हिकमत तर चांगला ठणठणीत होता! सबोहतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिठाच्या हातांनीच ती त्या घरात घुसली.

हिकमत पलंगावर पालथा होता, विजार खाली. ओयदिनच्या हातात सुई.

"वा गं वा! रोटी माझी आणि मजा तुझी?"

"मजा कसली, बाई," आपा सुई टोचत म्हणाली. "परमा झालाय याला. लघवीला आग, पू. बरं झालं तू आलीस. पहिल्या सुईनंच बरा झाला होता हा. डॉक्टरनं बजावलं होतं, बायकोलाही सुई द्या, नाहीतर तिच्याकडून परत होईल. यानं तुला पाठवलंच नाही. आता बघ, झालाच ना परत!"



"चुकलं, आपा," हिकमत उशीत तोंड खुपसून म्हणाला. "दुखणं घरूनच आलं असणार."

"पहिली सुई कधी दिलीत, आपा?" सबोहतने विचारलं.

"जर्दाळू नुकते पिकायला लागले होते तेव्हा."

"तेव्हापासून हा बाजेवर झोपतोय. माझ्याकडे फिरकलासुद्धा नाही."

आपाने हिकमतकडे पाहिलं.

हिकमतने कोनाड्यात ठेवलेली आपली रोटी सबोहतने उचलली आणि आपाच्या हातात ठेवली.

"ही माझ्या सुईची. याच्या सुईची रोटी खुजंदच्या त्या बाईकडून भाजून आण म्हणावं याला."