मोहाखालचं गवत

दुपारचं जेवण झालं की अनुसयाला डोळा लागायला ओसरीची भिंतही पुरते. आजही ती टेकून बसलीय, पायाशी सुपात मोहफुलं, आणि डोक्यात एकच बेत: ऊन उतरलं की आपल्या मोहाखालचं गवत पेटवून द्यायचं. कंबरेएवढं वाढून वाळलंय, फूल पडतं ते दिसतच नाही. गावसभेनं रानात आग लावायला बंदी केलीय, हे खरं. त्या सभेत बंदीच्या बाजूनं सगळ्यांत मोठ्यानं बोलली होती अनुसयाच, हेही खरं.

पापण्या जड होतात, आणि सुपापलीकडे तिची थोरली जाऊ सोमारीबाई दिसते. तिला जाऊन बरेच पावसाळे झाले. बसलीय मात्र कालच आल्यासारखी, गालात तंबाखू धरून.

"ऊठ वं अनुसे. झाड दाखव माझं."

या गावात जंगल सरकारचं असलं तरी मोह घराघराचे ठरलेले असतात. जाताना सोमारीबाईनं आपला मोह हिच्या हवाली केला होता.

ओसरीची पायरी उतरली की अंगण यायला हवं. येतं ते रान. सोमारीबाई गवतात शिरते, कंबरेएवढं गवत तिच्या गळ्याशी येतं, नुसतं डोकं वर तरंगत राहतं.

"इथं मुसळी होती. तिकडं भुईचाफा. पावसात पाय टाकाले जागा नसायची. कुठं गेलं वं सारं?"

"वीजघराच्या धुरानं, बाई," अनुसया घाईनं सांगते. "धुरातलं नत्र पावसासंगं खाली येते. गवत माजते, लहान झाडोरा दबून जातो. मी वाचलंय. सभेत सांगितलंही."

"असंल. पण धूर तर साऱ्या रानावर पडते. मग असं गवत तुझ्याच झाडाखाली काऊन?"

वरून टपटप सुरू होते. अनुसया सवयीनं पदर पसरते. पदरात फुलं नाहीत. पांढरे, गोल, थंडगार दाणे.

"धानाचा युरिया उरला होता," ती पुटपुटते. "म्हटलं, झाडालाही टाकू. फूल जास्त येईल."

"आलं?"

"गवत आलं."

सोमारीबाई तंबाखू सांडेपर्यंत हसते. "अवं, मोहाला कोणी युरिया टाकते का? उद्या वाघाला सरकीची ढेप चारशील!"

अनुसयालाही हसू येतं, आणि हसता हसता कान तापतात.

"पण आग तर तुमच्या वेळीही लागायची, बाई."

"लागायची. पाला जळून जायचा, कंद खाली निजून राहायचे, पाऊस पडला की वर यायचे. हे गवत पेटलं त दांडगं पेटते. अन् राखेवर आधी पुन्हा हेच उठते. त्या मुसळीनं डोकं काढावं कुठं?"

आता ते गवत सभेच्या खोलीत उगवलंय. साऱ्या बाया त्यात मांडी घालून बसल्यात, अनुसया समोर उभी, चिमटीत आगकाडी.

"विळ्यानं काप ना," सोमारीबाई मागून म्हणते.

"कापायचं त उजेडी जावं लागते. चार जणी पाहतील. विचारतील, हिच्याच झाडाखाली एवढं कसं?"

"अन् जाळलं त?"

"राखेला कोण विचारते."

बोलून गेल्यावर ते तिला ऐकू येतं. दुसऱ्याचं उघडं अंग दिसल्यावर माणूस मान फिरवतं, तशी सोमारीबाई हळूच मान फिरवते.

"बाई, रागवा तरी."

"मी कायले रागावू? मले का फुलं वेचायची हाये आता?"

"आत्याबाई, चहा."

सून रंजू कप घेऊन उभी आहे. ओसरी तीच, भिंत तीच. रंजूची नजर मात्र खाली.

"रानात जाऊन आलात का? भर उन्हात?"

अनुसया पाहते. दुपारभर ती इथून हललेली नाही, पण लुगड्याचा काठ घोट्यापासून वर गवताच्या कुसळांनी गच्च भरलाय. एक उपटायला जाते तर ते बोटात रुततं.

"विळा काढ वं," ती म्हणते. "अन् शेजारच्या साऱ्यांना हाक मार. म्हणावं, माझ्या मोहाखाली चला. दाखवायचं आहे."

"काय दाखवायचं?"

"गवत," अनुसया म्हणते, आणि कुसळं काढायला पुन्हा वाकते, म्हणजे तोंड वर करावं लागत नाही.