दोन पाहुण्यांचं कार्ड

"तू बॅगा बघ गं. आम्ही आलोच."

शिरीष म्हणाला आणि विमानतळावरच्या लाउंजचं काचेचं दार ढकलून आत गेला. मागोमाग केदार. मी बाहेर. समोर तीन बॅगा, त्यातली एकच माझी.

सन दोन हजार सहा. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या क्लायंटकडे आम्ही चौघं न्यू जर्सीहून जायचो. सोमवारी पहाटे निघायचं, गुरुवारी संध्याकाळी शिकागोहून परतायचं. शिरीष आमचा टीम लीड, पुण्याचा. "इथे सर-बिर नाही, नुसतं शिरीष म्हण," असं त्यानेच सांगितलेलं. लाउंजमध्ये बसायला सोफे, खाणंपिणं फुकट; त्याच्या क्रेडिट कार्डावर तिथे त्याच्यासोबत दोन पाहुणे चालायचे. केदार आणि मनीष आत जायचे. उरायची मी. आळीपाळीने जाऊ म्हणाले होते. पाच महिन्यांत माझी पाळी आली नाही. नियमच तसा, अशी मी मनाची समजूत घालायचे.

पण त्या गुरुवारी मनीष रजेवर होता. पाहुणे म्हणून केदार आणि मी, दोघंच. एक जागा रिकामी. तरी मी बाहेर.

हे डोक्यात शिरायला मला दहा मिनिटं लागली. लोक आपापल्या बॅगा ओढत आत जात होते. बॅगा राखायला कुणीही मागे राहत नव्हतं. एप्रिलच्या चौदा तारखेला मी रजा टाकली होती, 'जयंती' असं कारण सरळ सांगून. त्याच आठवड्यापासून माझ्या डब्यातली भाजी कुणी घेईनासं झालं होतं. मला वाटलं, कामाचा ताण असेल. कसला ताण नि कसलं काय!

शिरीष बाहेर आला. हातात पेपर नॅपकिन. त्यात चीजचे दोन तुकडे, अर्धं बिस्किट.

"घे. उरलंच होतं."

माझी आई नागपुरात चार घरची भांडी घासायची. मागच्या दाराने दिलेलं उरलंसुरलं तिने कधी घरी आणलं नाही. आम्ही उपाशी असलो तरी नाही. मी इंजिनिअर होऊन एवढ्या लांब आले, आणि माझ्यापुढे तोच हात.

"मला नको. आज तर जागा होती."

तो हसला. "तुला इथेही कोटा हवाय का, यार?"

केदार दारात उभा होता. त्याने ऐकलं आणि खाली बघितलं.

"तुमच्या बॅगा तुम्ही बघा," मी म्हटलं आणि माझी बॅग घेऊन गेटकडे निघून गेले. तिथे बसून रडले. फोन करावा असं कुणी नव्हतं.

शनिवारी टपालाने आलेली क्रेडिट कार्डांची जाहिरातपत्रकं टेबलावर पसरली. एकाची फी कमी, पण पाहुणा नाही. दुसऱ्यात पाहुण्याचे वेगळे पैसे. तिसरं महाग, दोन पाहुण्यांचं. सोबत न्यायला माणूस आठवू लागले. एकही आठवेना. त्या दिवसाइतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. तरी तिसरंच घेतलं. कुणाला आत न्यायचं, हे माझ्या हातात हवं होतं.

डिसेंबरात बर्फामुळे विमानं रखडली. लाउंजच्या डेस्कवर मी कार्ड दिलं. मागे शिरीष. त्याचं कार्ड घरी राहिलं होतं. डेस्कवरच्या बाईला तो हसून म्हणाला, "वी आर टुगेदर."

तिने मला विचारलं, "इज ही विथ यू?"

"नो."

माझ्या कार्डावरच्या पाहुण्यांच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. मी एकटी आत गेले, एकटीच जेवले. घास गोड लागला नाही, खोटं कशाला सांगू? पण उद्या तीच वेळ आली तरी मी 'नो'च म्हणेन. ज्याने मला दाराबाहेर बसवलं, तो माझ्या नावावर आत जाणार नाही.